फाट्यापासून विहारापर्यंत

पोलादपूरची गाडी फलाटावरून मागे येऊन वळत होती तेव्हा मी स्टँडच्या कमानीत होते. एरवी मी हाक मारली असती. महाड आगारातले निम्मे ड्रायव्हर मला ओळखतात. तिथल्या पासाच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी झाली. त्या दिवशी हाक मारायचं सुचलं नाही. पिशवी काखेत धरली आणि पळाले. थोडं अंतर ठीक गेलं आणि मग पुढचा श्वास आला नाही. म्हणजे तोंड उघडलं, छाती वर गेली, सगळं नेहमीसारखं झालं, फक्त आत काही आलं नाही. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. मी फलाटाच्या खांबाला धरून उभी राहिले. खांबावर जुलैच्या पुराची रेघ अजून होती, माझ्या डोक्याच्या बरीच वर, आणि मी त्या वाळलेल्या चिखलावर हात ठेवून नुसती रेघेकडे बघत राहिले. गाडी थांबली होती. कंडक्टर शर्मिला दारात येऊन उभी राहिली. "गीताबाई, सावकाश या. गाडी कुठं जात नाय तुम्हाला सोडून." तिनं माझी पिशवी घेतली, दंडाला धरून वर चढवलं, पुढची सीट मोकळी करून दिली. तिकीट मात्र बराच वेळ मागितलं नाही. मी बोलायला लागेपर्यंत ती थांबली होती, हे माझ्या लक्षात आलं आणि मला तिचा राग आला.

खिडकीमागे बसून मी इतकी वर्षं माणसांना गाडीमागे पळताना पाहिलं, की कोणाला गाडी मिळणार हे मला लांबून सांगता यायचं. एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेली पोरं नुसत्या पायांनी पळतात, अंग झोपेतच असतं. भाजीवाल्या डोक्यावरची पाटी न हलवता कमरेखाली पळतात. मास्तर लोक पळत नाहीत, भरभर चालतात, आणि गाडी गेली की घड्याळाकडे बघतात, जणू घड्याळाचं चुकलं. ज्यांचे खांदे कानांकडे जातात त्यांना गाडी मिळत नाही. ते माणूस खालून श्वास घ्यायचं विसरलेलं असतं. मी ते बघायचे आणि पुढच्याच्या पासावर शिक्का मारायचे. गाडी नांगलवाडीच्या पुढे गेली तेव्हा मला कळलं की माझे खांदे अजून कानांपाशी आहेत. मी ते हातांनी खाली केल्यासारखे खाली केले.

तोवर मी सगळं धुळीवर ढकललं होतं. पुरानंतर महाडात चिखल वाळला आणि त्याची धूळ झाली. ती दिवाळीपर्यंत गल्ल्यांतून उडत होती. कोणी दुकानाचं शटर वर केलं की पिवळा ढग यायचा. साऱ्या गावाला खोकला होता, माझा त्यात मिसळून गेला. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, माझ्या घरात पाणी आलं नाही, पण जिन्यात आलं होतं, आणि लोक सांगत की त्या चिखलाचा वास सहन होत नाही, तोंडाला पदर लावल्याशिवाय खाली उतरवत नाही. मी मान हलवायचे. मला वास येत नव्हता. एप्रिलात गेलेला वास परत आलाच नव्हता, आणि अख्खं गाव नाक धरून चालत असताना मी एकटी उघड्या तोंडानं चालले होते. शेजारीण म्हणाली, बाई, तुमचं धाडस बरं.

एप्रिलात करोना झाला तो मला आणि दादाला एकदमच. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दत्ताराम. पोलादपूरच्या पुढे कापडं गाव, आणि कापड्याच्या पुढे रस्त्यावरून वर चढलं की आमची बौद्धवाडी. दादा जन्मभर तिथंच राहिला. भात केलं, म्हशी पाळल्या, मधली काही वर्षं एमआयडीसीत एका कारखान्यात गोणी उचलल्या. लस घ्यायला म्हणून तो माझ्याकडे महाडला येऊन राहिला होता. दोघांना ताप आला, दोघांना नेलं, दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. दादाला गप्प बसणं कधी जमलं नाही. तोंडावरचा मास्क बाजूला करून तो बोलायचा, म्हशीला कोण पाणी दाखवत असेल, वाडीत कोणाचं लग्न पुढे गेलं, शेजारच्या खाटेवरचा माणूस वरंधचा आहे आणि त्याच्या मामाला आपण ओळखतो. सिस्टर म्हणायची, काका, बोलू नका, दम वाचवा. तो मास्क लावायचा आणि मास्कमधून बोलायचा. एका दुपारी त्याचं बोलणं थांबलं. मी जागीच होते. मला आधी वाटलं की त्याला झोप लागली. मी घरी आले, तो आला नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय, की आता सांगताना गावाचं नाव सांगितल्यासारखं निघतं.

त्या दिवशी मी वाडीला चालले होते ती वर्षावासाच्या समाप्तीला, विहारातलं पावसाळ्याचं ग्रंथवाचन संपतं त्या कार्यक्रमाला. पोलादपूरला गाडी बदलून वाडीच्या फाट्यावर उतरले. फाट्यापासून विहारापर्यंत चढच आहे. आधी रस्त्याची मोरी, मग फणसाचं झाड, मग हातपंप, आणि पंपानंतर चढ एकदम अंगावर येतो. मी हातपंपापाशी बसले. दादाचा मुलगा अश्वजित खाली आला, त्यानं मला बसलेली पाहिली, आणि त्याच्या तोंडावर मी शर्मिलाचं तोंड पाहिलं. कार्यक्रम झाल्यावर खीर वाढता वाढता तो म्हणाला, "आत्ये, मंडळानं ठरवलंय. येत्या एप्रिलात ज्योत आणायची. दोन वर्सं खाडा झाला."

"आणा की," मी म्हटलं.

"आणि तू फुलं वाहायला बस पुढं. खुर्ची टाकतो तुला. वरचा टप्पा पोरी बघतील."

मी खीर खाल्ली. तिला गोडाची चव होती, वेलचीची नव्हती.

आमच्या वाडीत चौदा एप्रिलला महाडच्या तळ्यावरून ज्योत आणतात. पोरं आळीपाळीनं पळतात, महाड ते पोलादपूर, पोलादपूर ते कापडं. मागून टेम्पो, टेम्पोत पेटता कंदील, ज्योत विझलीच तर त्यावरून पुन्हा लावायला. एक नियम पहिल्यापासून आहे, ज्योत चालत न्यायची नाही. हातात असेतोवर पळायचं. दम संपला तर दुसऱ्याच्या हातात द्यायची. पहिल्या वर्षी मी नव्याने नांदायला गेले होते आणि जयंतीला माहेरी आले होते. फाट्यावर बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या होत्या, त्यात मी. दादा पळत आला आणि मोरीवर त्याच्या पोटरीत गोळा आला. पोरं सगळी मागे, टेम्पोत मेल्यासारखी पडलेली. मी मेणबत्ती वहिनीच्या हातात दिली, पदर खोचला आणि ज्योतीची लोखंडी नळी धरली. दादानं ती सोडली नाही, दोघांनी मिळून ती धरली होती, आणि आम्ही तसेच चढ चढलो, तो लंगडत. वर म्हातारी माणसं म्हणाली, माहेरवाशिणीच्या हातून आली, चांगलं झालं. पुढच्या वर्षी पोरं फाट्यावर थांबली आणि म्हणाली, गीता कुठाय. तेव्हापासून तो टप्पा माझा. मुलं झाली, नवरा गेला, निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण तो टप्पा माझा. दादा मोरीवर ज्योत माझ्या हातात द्यायचा आणि माझ्या बाजूनं वरपर्यंत पळत यायचा. दर वर्षी पहिला प्रश्न तोच, "काय गो गीते, तुझी एष्टी येळेवर आली का?" एसटीत नोकरी म्हणून चिडवायचा. मी दर वर्षी त्याला काहीतरी सुनवायचे.

परतताना गाडीत मी ठरवलं की खुर्चीत बसायचं नाही. अश्वजितचं काही चुकलं नव्हतं. पण मी त्या खुर्चीत बसले असते तर दादाच्या हातातली ज्योत कोणाच्याच हातात आली नसती, ती मोरीवरच कुठेतरी राहिली असती. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं.

महाडात एक तरुण डॉक्टरीण आहे, प्रियदर्शिनी. तिच्या आईचा पास मी वर्षानुवर्षं काढून दिला. तिनं छाती ऐकली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, मला खोलीत चालायला लावलं, पुन्हा चिमटा लावला. म्हणाली, "फुप्फुसं बरी आहेत, कामाला लागायची आहेत. आधी चाला. मग थोडं पळा, थोडं चाला. आणि एक लक्षात ठेवा, पळताना बाजूच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की चालायचं."

"बाजूचा माणूस कुठून आणू?"

"मग गाणं म्हणा."

"मी गात नाही."

"मग मनातल्या मनात नको, मोठ्यानं बोला काहीतरी," ती म्हणाली. "पण आज बरं वाटलं म्हणून उद्या दुप्पट करू नका. या आजारात तसं चालत नाही."

बाजूचा माणूस संपानं दिला. ऑक्टोबर संपता संपता एसटीचा संप सुरू झाला, गाड्या आगारात उभ्या राहिल्या आणि गेटाबाहेर संपकऱ्यांनी मंडप घातला. मी सकाळी उन्हं चढायच्या आत घरून निघायचे, मंडपापुढून जायचे आणि वळून यायचे. पहिल्या दिवशी मी चालतच होते, पण डोक्याला रुमाल, पायात बूट, त्यामुळे लपण्यासारखं काही राहिलं नाही. ड्रायव्हर भिकू, वरंधच्या वरच्या वाडीचा, मंडपातून ओरडला, "गीताबाई, कुठची गाडी पकडताय? सगळ्या आत उभ्या हायत!" सगळे हसले. मी नुसता हात वर केला, कारण तोंडातून काही निघण्यासारखं नव्हतं. तो वर केलेला हात मला घरी पोचेपर्यंत टोचत राहिला. भिकू रोज काही ना काही विचारायचा. माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या प्रश्नाची वाट बघत जाते. काही दिवसांनी मी पळत असताना एक शब्द निघाला, "पोलादपूर." मग दोन निघाले, "पोलादपूर, विनाथांबा." मंडपात दाद मिळाली. शर्मिला विणत बसलेली असायची, ती मान वर न करता म्हणायची, "बाई, आज खांदे वर हायत." मीच एकदा तिला खांद्यांचं सांगितलं होतं.

पळताना शरीर किती परकं वाटतं हे मला त्या थंडीत कळलं. पाय जुने होते, त्यांना रस्ता ठाऊक होता, पण वरचं धड कोणा दुसऱ्याकडून आणल्यासारखं होतं. श्वास बरगड्यांच्या अर्ध्यापर्यंत जायचा आणि तिथं थबकायचा, पुढची खोली बंद असल्यासारखा. मी पळता पळता त्या बंद खोलीशी बोलायचे. कधी अचानक ती उघडायची, थोडा वेळ, आणि मला खाली भाताच्या वाफ्यातून पळणारी लहानपणची मी आठवायचे, पाटपाण्यात पाय बुडवत, दादा पुढे. एका सकाळी मला एमआयडीसीकडून येणारा तो कडवट वास आला. महाडातलं प्रत्येक माणूस त्या वासाला नावं ठेवतं. मी रस्त्यात उभी राहून तो पुन्हा पुन्हा घेतला.

त्याच आठवड्यात भिकू म्हणाला, "बाई, आता थांबा की जरा, आम्हाला बघून दम लागतो," आणि मी पळतच म्हटलं, "तू आधी संपावरून ऊठ भिकू, मग मी पळायचं थांबते." सबंध वाक्य, एका दमात. मंडप टाळ्या वाजवत उठला. मला ते चढलं. वळून यायच्या ऐवजी मी तशीच पुढे गेले, गांधारीच्या पुलापर्यंत, तिथून परत. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर गेला नाही. फणी मांडीवर ठेवून मी बसून राहिले. मग बिछान्यात. सबंध आठवडा भिंतीकडे तोंड करून, आणि छातीतली ती खोली पुन्हा बंद. प्रियदर्शिनी रागावली नाही, म्हणाली, "पुन्हा चालण्यापासून." मला वाटलं, खुर्ची काय वाईट आहे. सावलीत असते. फुलांची टोपली मांडीवर असते. मी अश्वजितला सांगायचं ठरवलंसुद्धा, आणि त्याच संध्याकाळी दारात भिकू आणि शर्मिला आले, केळी घेऊन. भिकू दाराशीच म्हणाला, "आम्हाला वाटलं, आमच्या आधी तुम्हीच संप मागं घेतलात." शर्मिलानं त्याला कोपर मारलं. मला हसू आलं आणि हसताना खोकला आला नाही, हे आम्हा तिघांच्याही लक्षात आलं.

पुन्हा चालण्यापासून. यावेळी हळू. मार्चात एकदा मला एकदम आठवलं की मी इतके महिने रिकाम्या हातांनी पळतेय. ज्योत म्हणजे लोखंडी नळी, वर डबा, डब्यात तेलात बुडवलेल्या चिंध्या, आणि ती वर धरून पळायची असते. हात वर गेला की त्या बाजूच्या बरगड्या ताणतात आणि श्वासाला जागा उरत नाही, हे मी जन्मभर करत आले आणि विसरून गेले. हे ना प्रियदर्शिनीला माहीत, ना मला सुचलं. घरात नळी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी मिटलेली लांब छत्री उभी धरून पळायला लागले. पावसाचं नाव नसताना. मंडपात भिकू हात जोडून उभा राहिला. "बाई, आमच्या संपापायी तुमचं डोकं फिरलं असेल तर आम्ही उद्या हजर होतो."

"जयंतीची ज्योत आहे ती," मी म्हटलं, आणि थांबले, कारण हात वर असताना वाक्य तिथंच तुटलं होतं. उरलेलं मी उभं राहून सांगितलं. भिकूनं ऐकून घेतलं. त्या दिवसापासून तो छत्रीवर काही बोलला नाही. एवढंच विचारायचा, "आज कुठपर्यंत?"

एप्रिलात एखाददुसरी गाडी सुटत होती, पण कापड्याच्या बाजूला काही नव्हतं. चौदा तारखेला भिकूच मोटारसायकल घेऊन दाराशी आला. अश्वजितला मी काही कळवलं नव्हतं. फाट्यावर बायका जमल्या होत्या, विहारापुढे खुर्ची टाकलेली खालून दिसत होती, प्लॅस्टिकची, निळी. मी मोरीवर जाऊन उभी राहिले. बायकांना वाटलं असेल की म्हातारीला बघायचंय. मग वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि ज्योत दिसली, दुपारच्या उन्हात ज्वाळ दिसतच नाही, वरचा काळा धूर दिसतो. तिच्याखाली अश्वजित. त्याची धाव अगदी दादाची आहे, डावा पाय बाहेर टाकत. मी हात पुढे केला. त्यानं वेग कमी केला नाही, तेवढं त्याच्या अंगात आहे, पण डोळे मोठे झाले.

"आत्ये, तू?"

"दे."

"चालत ने मग. कोण काय बोलणार नाय."

"ज्योत चालत नाय रे जात," मी म्हटलं आणि नळी धरली.

ती माझ्या आठवणीपेक्षा जड होती. आणि वास. रॉकेल आता मिळत नाही, पोरांनी डिझेल घातलं होतं, धूर दाट, तेलकट, सरळ नाकात. मला तो वास आला याचा आनंद व्हायला वेळ नव्हता. छत्रीला धूर नसतो. फणसाच्या झाडापर्यंत पाय गेले. तिथं श्वास बरगड्यांच्या अर्ध्यावर येऊन थबकला, आणि मला माझे खांदे वर जाताना कळले, दोन्ही, कानांकडे, गाडी न मिळणाऱ्या माणसाचे. खाली घ्यायला गेले तर हात खाली येत होता. हातपंप पुढे दिसत होता आणि जवळ येत नव्हता. बाजूनं अश्वजित पळत होता, एक तळवा नळीखाली धरून, मी सोडली तर झेलायला. एक अक्षर बोलत नव्हता. मला ऐकू येत होतं ते माझंच, फाटलेलं, सूं सूं, शेजारच्या खाटेसारखं. इतकी वर्षं या चढावर इतकं शांत कधीच नव्हतं. दादा बोलत असायचा. फाट्यापासून विहारापर्यंत त्याचं तोंड बंद नसायचं, आणि त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी श्वास घ्यायचे. मी कधी हा चढ माझ्या दमावर चढलेच नव्हते.

"बोल," मी म्हटलं.

"आं?"

"बोल रे. काहीही."

"काय बोलू, आत्ये?" तो घाबरला होता. मी मान हलवली. पंप आला. पंपानंतरचा चढ समोर उभा होता, वरून पोरं घोषणा देत होती आणि माझे पाय चालीवर येऊ पाहत होते, एक टाकला की दुसरा थांबतो की काय असं. अश्वजित माझ्याकडे बघत होता. त्याला काही सुचत नव्हतं, आणि मग जे तोंडात आलं ते तो बोलला.

"एष्टी तर बंद हाय. मग आलीस कशी गो तू?"

माझे खांदे खाली आले. मी आणले नाहीत. हात वर होता तसाच राहिला आणि त्याच्याखाली कुठेतरी जागा झाली, आणि तिच्यातून श्वास आत गेला, खालपर्यंत, डिझेलच्या धुरासकट.

"महाडच्या आगाराचा ड्रायव्हर," मी म्हटलं, पाय पळतच होते, "मोटारसायकलवर बसवून घेऊन आला मला, आणि तुमच्या ज्योतीच्या आधी तासभर फाट्यावर आणून सोडलंन."

"मोटारसायकलवर?" अश्वजित म्हणाला. "या वयात?"

विहाराच्या पायऱ्या दिसत होत्या, आणि पायऱ्यांच्या बाजूला ती निळी खुर्ची. मी त्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं.